बेर्टाच्या गळ्यातली घंटा

देवळातली समजून हात जोडू नका. मी गायीच्या गळ्यातली घंटा बोलतेय. विस्कॉन्सिनमधल्या एका गोठ्यात म्हाताऱ्या टॉर्गर्सननं मला पत्र्यातून ठोकून घडवलं आणि बेर्टा गायीच्या गळ्यात बांधलं. बेर्टा गेली, म्हातारा गेला, मी खुंटीवर लटकत राहिले.

मग एका फेब्रुवारीत त्याची मुलगी लोर्ना मला घेऊन राज्याच्या राजधानीला, मॅडिसनला गेली. ती सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. सरकारी नोकरांच्या युनियनचे हात बांधणारा कायदा येत होता. त्याविरुद्ध जमलेल्या हजारो माणसांत मी घसा फुटेस्तोवर वाजले. काय दिवस होते ते!

लोर्नाचा भाऊ अर्विड मात्र चिडलेला. "आमच्या दुधाच्या भावासाठी कोण भांडतं गं? तुमचा पगार आमच्या करातून, वर घंटाही आमचीच!"

कायदा व्हायचा तो झालाच. आता युनियन टिकवायला दरवर्षी फोनवरून मतदान करावं लागतं. एकूण कामगारांपैकी निम्म्याहून जास्त 'हो' हवेत, आणि जो मत देत नाही तो 'नाही'त धरला जातो! त्यात हे मतदान नोव्हेंबरात, म्हणजे ऐन हरणांच्या शिकारीत. तेव्हा आमच्याकडच्या माणसांना स्वतःचं नावही आठवत नाही.

एका वर्षी तसंच झालं. स्वयंपाकघरात अकरा बायका, सहा 'हो' हवे होते. शेवटच्या दिवशी दहा वाजता पाचच झालेले. उरलेल्यांत 'हो' म्हणणारी एकच, गेल, म्हणजे अर्विडचीच बायको. आज करते, उद्या करते म्हणत ती बंदूक घेऊन नवऱ्याबरोबर रानात पसार! तिथे मोबाइल चालत नाही आणि मुदत बारापर्यंत. लोर्नाच्या तोंडचं पाणी पळालं. युनियन मोडली, तर पगाराचं बोलायला साहेबापुढे एकेकीनं उभं राहायचं.

कुणी हरण समजून गोळी घालू नये म्हणून नारिंगी कोट चढवून तिनं मला उचललं आणि सगळं रान डोक्यावर घेतलं.

"वहिनी! अगं फोन! तुझा फोन राहिलाय!"

"अगंबाई!" झाडावरच्या मचाणावरून गेल ओरडली.

शेजारच्या मचाणावर अर्विड. त्याच्यासमोरून दहा टोकांच्या शिंगांचं हरण उधळून गेलेलं.

"लोर्ने, तुला अक्कल आहे का?"

"दादा, ओरड नंतर. तिचं मत 'नाही'त जाईल रे!"

अर्विडनं बंदुकीतल्या गोळ्या काढल्या. मग तो खाली उतरला.

"तुमची युनियन मला पटत नाही, आणि पटणारही नाही. पण झाडावर बसलेली बाई 'नाही' म्हणाली, हे कुठलं मोजणं? चला, बसा गाडीत. घरच्या फोनवरून करा."

बाराला सात मिनिटं असताना गेलनं बटण दाबलं. सहा झाले! लोर्नानं भावाला मिठीच मारली. मला तर आनंदानं स्वतःहून वाजावंसं वाटलं.

"यंदाचं माझं हरण युनियननं खाल्लं," एवढंच तो म्हणाला.

आता मी त्याच्याच दाराशी, बंदुकीच्या शेजारी असते. त्याचं मत तसूभरही बदललेलं नाही. पण दर नोव्हेंबरात बंदूक काढण्याआधी तो मला खणखणवतो, "गेल, आधी फोन, मग हरण!"

मला थोडा गंज चढलाय, पण आवाज शाबूत आहे. एखाद्या वर्षी तो विसरलाच, तर तुमच्यापैकी कुणीतरी येऊन मला हलवा, एवढंच मागणं.