एका रेघेची मुक्ती

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खचाखच भरला होता. खुर्च्या संपल्या, मग माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर टेकली. बहुतेकांच्या तोंडावर निळा मास्क होता. तो दारातच फुकट मिळायचा, कारण इथं येणाऱ्यांना आपली ओळख दाखवायची नव्हती. मंचावर निळ्या बाटल्यांचे मनोरे होते आणि मागे भला मोठा पडदा. पडद्यावर कॅमेऱ्यानं मोठी करून दाखवलेली एचआयव्हीच्या चाचणीची पट्टी दिसत होती.

लोक ज्यांना निळेगुरू म्हणत, ते माइक तोंडाशी धरून सांगत होते की उन्हात तापवलेलं निळ्या बाटलीतलं पाणी पोटात गेलं की विषाणू पळ काढतो. कुठं पळतो ते मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही.

"दोन रेघा म्हणजे बेडी. एक रेघ म्हणजे मुक्ती," ते म्हणाले. "ज्याला शंका असेल, त्यानं खुशाल वर यावं."

शंका कोणालाच नव्हती. असली तरी मास्कच्या आत होती.

त्या दिवशी दोघी बहिणी आल्या होत्या. सातव्या महिन्याचं पोट सावरत धाकटी मंचावर चढली, थोरली खाली बसून राहिली. गुरूंनी धाकटीला पाणी पाजलं, तिच्या बोटाला सुई टोचली, पहिला थेंब कापसानं पुसला, काचेची बारीक नळी बोटाशी नेली आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. सगळ्यांनी मिटले. थोरलीला मिटवेनात. बहीण वर उभी असताना डोळे मिटायचे म्हणजे काय. तिनं पाहिलं की नळी पट्टीला नुसती टेकली आणि मग वरून कुपीतल्या पाण्यासारख्या औषधाचे थेंब पडले. थोड्या वेळानं लाल रेघ उमटली. एकच. हॉलमध्ये रडारड, टाळ्या. धाकटी तर खुर्चीत बसून हमसून हमसून रडली.

त्याच संध्याकाळी तिनं एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या बंद केल्या. गोळी आणि पाणी एका पोटात नांदत नाहीत, असं गुरूंचं सांगणं होतं.

थोरलीची कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची लाँड्री होती. रक्ताच्या डागांशी तिची जन्माची ओळख. टिपूसभर रक्त कापडाला लागलं तरी तांबूस कडा सोडतं, घासून घासून हात दुखले तरी. आणि पडद्यावर एवढी मोठी करून दाखवलेली ती पट्टी? तिचं थेंब घालायचं भोक पांढरंशुभ्र राहिलं होतं. कामात तिचं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर जळाली, त्याची बोलणी खाल्ली, तरी डोक्यात तेच.

तिनं धाकटीला परोपरीनं समजावलं. धाकटी ऐकेना. लग्नाच्या आधीपासून ती एचआयव्हीची गोळी कॅल्शियमच्या डबीत लपवून घेत आली होती. नवऱ्याला ठाऊक होतं आणि तो निरोगी होता, पण सासू विचारायची, एवढं कसलं कॅल्शियम लागतं गं तुला.

"ताई, मला एकदा तरी त्या डबीशिवाय जगायचंय," ती म्हणाली.

शेवटी थोरलीनं, धाकटीला गोळ्या जिथून मिळायच्या तो दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. धाकटीच्या रक्तात विषाणू सापडतच नव्हता, तो गोळीनं दाबून ठेवला होता. म्हणून तर तो नवऱ्याला लागला नाही आणि बाळालाही लागायची भीती जवळजवळ उरली नव्हती. पण गोळी थांबली की तो पुन्हा डोकं वर काढतो. आणि ही पट्टी विषाणू शोधतच नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध उभी केलेली फौज शोधते. ती फौज बहुधा जन्मभर राहते. औषधानं ठणठणीत असलेल्या माणसाच्याही दोन रेघा येतात.

"मग एक कशी आली?" थोरलीनं विचारलं.

बाईंनी सांगितलं की एक रेघ फक्त पट्टी चालू आहे एवढंच सांगते. अशा पुष्कळ पट्ट्यांत रक्त न घालता नुसतं कुपीतलं औषध घातलं, तरी ती येते. मग चिडूनच म्हणाल्या, आता दिवसाला एक गोळी पुरते, काहींना महिना-दोन महिन्यांनी इंजेक्शन चालतं, रोग नसलेल्याला तो लागू नये म्हणून वर्षातून दोनदा टोचायचं औषध निघालंय, आणि आपली माणसं बाटल्या उन्हात ठेवतायत.

थोरलीनं गुरू वापरायचे तसल्याच पट्ट्या औषधांच्या दुकानातून घेतल्या आणि एक इस्त्रीच्या टेबलावर करून पाहिली. मग पुढच्या मेळाव्याला, गुरूंनी "शंका असेल त्यानं खुशाल यावं" म्हणताच, ती खरंच वर गेली. गुरूंची जरा तारांबळ उडाली, कारण आजवर कोणी गेलंच नव्हतं. तिनं कॅमेऱ्याखाली पट्टी ठेवली आणि कुपीतले थेंब टाकले. गुरूंनी लगेच डोळे मिटायचा हुकूम सोडला.

"आज उघडेच ठेवा," थोरली म्हणाली.

रेघ उमटली. एकच. गुरू सावरले आणि तोंडभर हसून म्हणाले, "पाहा, या ताईंचं रक्त शुद्ध आहे."

"गुरुजी, यात रक्त घातलंच नाही. तुम्ही हवेचा रोग बरा केलात."

कोणीतरी फिसकन हसलं. गुरूंनी माइकवरून शंकेखोर मनाला कसं यश येत नाही ते सांगायला सुरुवात केली, पण खाली बसलेली धाकटी उठली होती. ती वर आली, थोरलीच्या हातातली दुसरी पट्टी घेतली, स्वतःच सुई टोचून घेतली आणि रक्ताचा थेंब भोकात सोडला. पडद्यावर पांढऱ्यावर तांबूस पसरलं. सगळे बघत राहिले. पहिली रेघ आली. बराच वेळ गेला. मग तिच्या शेजारी दुसरी आली.

थोरलीला वाटलं, आता ही कोसळते. पण धाकटीनं मास्क काढला, तो घडी करून टेबलावर ठेवला आणि पिशवीतून अजून न टाकलेली कॅल्शियमची डबी काढली.

"माझ्या दोनच आहेत," ती माइकवर म्हणाली. "माझ्या बाळाला एकही नको."

आणि साध्या नळाच्या पाण्याबरोबर तिनं गोळी गिळली.

गुरू मागच्या जिन्यानं गेले. बाटल्या तिथंच राहिल्या. पुढच्या रांगेतल्या एका मास्कवाल्या माणसानं थोरलीला हळूच विचारलं, तो दवाखाना कुठं आहे म्हणून. तिनं पत्ता मोठ्यानं सांगितला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. ही गोष्ट वाचणारे तुम्हीही एवढं ध्यानात ठेवा. कोणी डोळे मिटा म्हणालं की ते उघडे ठेवा, रक्ताचं काय ते रक्ताच्या तपासणीलाच विचारा आणि गोळी बंद करायची तर डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

धाकटीला हात धरून जिन्यावरून उतरवताना थोरलीनं विचारलं, आता सासूला काय सांगणार.

"खरं सांगते," धाकटी म्हणाली. "तू बरोबर ये."