नुक्कडवरचे माधवराव कोण?

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी काही फार हुशार नाही. मी आहे एक जुना मोडेम. मोडेम म्हणजे काय, असं घरातल्या मोठ्यांना विचाराल तर ते आधी हसतील आणि मग तोंडाने 'टीं-टूं-खर्रर्र' असा आवाज काढून दाखवतील. तो आवाज माझा. एका बाजूला टेलिफोनची वायर, दुसऱ्या बाजूला संगणक आणि मधे मी, विटेएवढा, पुढच्या अंगाला लाल दिव्यांची रांग. संगणकाची अक्षरं घ्यायची, टेलिफोनला पेलतील अशा शिट्ट्या करून पाठवायच्या, आणि पलीकडून आलेल्या शिट्ट्यांची पुन्हा अक्षरं करायची, एवढंच माझं काम. अक्षरं कुणाची, त्यांचा अर्थ काय, हे मला कुणी शिकवलंच नाही. त्यामुळे माझं सगळं आयुष्य गोंधळात गेलं. आजही काही गोष्टींचा उलगडा झालेला नाही, त्या तुम्हालाच विचारणार आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी कारखान्यात झाला. तिथून कोण्या जहाजातून आलो, दिल्लीच्या बाजारात किती दिवस पडून होतो, काही आठवत नाही. १९९६ सालच्या थंडीत लखनऊच्या हजरतगंजमधल्या एका दुकानातून माधवरावांनी मला उचललं आणि स्कूटरवर, मटारच्या पिशवीला टेकवून, गोमती नगरच्या आपल्या घरी आणलं. माधवराव साताऱ्याकडचे. लखनऊच्या एका संशोधन संस्थेत ते पानांवरच्या बुरशीचे शास्त्रज्ञ होते. भला माणूस, पण धीर म्हणून नाही. मी दोनदा किंचाळलो, एकदा बत्ती गेली, एकदा आतल्या खोलीतला रिसीव्हर कुणी उचलला आणि लाईन तुटली. झालं! "डोक्याला ताप आहे हा नुसता," म्हणाले आणि माझ्यावर भरतकामाचा रुमाल टाकून मोकळे झाले. आता सांगा, ज्याला बोलण्यासाठी बनवलं त्याला असं पडदानशीन करतात का?

तो रुमाल उचलला त्यांच्या मुलीने, हिमानीने. अकरावीत होती. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. तिला मैत्रिणीकडून 'नुक्कड'चा नंबर मिळाला होता. नुक्कड म्हणजे हिंदीत गल्लीचा कोपरा, पण हा नुक्कड म्हणजे एक संगणकच. जयसिंगराव म्हणून कोल्हापूरचे एक गृहस्थ छावणीपलीकडे राहायचे, एअरफोर्समध्ये विमानांची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांनी घरच्या संगणकाला टेलिफोन जोडून ठेवला होता. कुणीही नंबर फिरवावा, आत यावं, लोकांनी काय लिहिलंय ते वाचावं, आपलं लिहावं. गप्पा कसल्या म्हणाल, तर विज्ञानाच्या बातम्यांच्या. मंगळावरून आलेल्या दगडात किडे सापडले का, तो धूमकेतू गच्चीवरून दिसेल का, खिशातला टेलिफोन आला तर माणसं बहिरी होतील का. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं इंग्रजी अक्षरांत कालवलेलं. आणि भांडणं तर अशी, की बस्स!

पण नुक्कडला टेलिफोनची लाईन एकच. एका वेळी एकच माणूस आत. म्हणून सगळ्यांची रीत ठरलेली होती. नंबर लावायचा, लोकांनी लिहिलेलं सगळं गाठोडं एका दमात उचलायचं आणि फोन ठेवून द्यायचा. मग निवांत वाचायचं, उत्तरं लिहायची, आणि पुन्हा नंबर लागला की ती टाकून यायची. तिथे जे ज्या क्रमाने पोचेल त्या क्रमाने लागायचं. तोवर मधे भलताच कुणी भलतंच लिहून गेलेला असायचा. त्यामुळे बऱ्याचदा उत्तर एका प्रश्नाचं आणि जाऊन चिकटायचं दुसऱ्यालाच. मी तर चक्रावून जायचो.

जयसिंगरावांचा आणखी एक नियम होता. नवा माणूस आला की ते स्वतः त्याच्या घरच्या नंबरवर फोन करून खात्री करायचे, आणि टेलिफोन ज्याच्या नावावर असेल तेच नाव नुक्कडवर लावायचे. आता लखनऊत काय, साताऱ्यात काय, टेलिफोन असतो घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर. आमचं नाव लागलं 'माधव'. हिमानीला आठवड्यात कंटाळा आला. मग माझ्यासमोर येऊन बसल्या तिच्या आई, अरुणाताई.

अरुणाताई लग्नाआधी सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. लखनऊला आल्या आणि ते सुटलं ते सुटलंच. इतकी वर्षं त्यांनी शुक्र, चुंबक, प्रकाश हे शब्द कुणापाशी उच्चारले नव्हते. शेजारणींशी गप्पा सब्जी आणि स्वेटरच्या. दुपारी जेवणं आटोपली की त्या पदर खोचून माझ्यापुढे बसायच्या आणि काय सुटायच्या म्हणता! विमानतळावर, अमौसीला, नोकरी करणारे उल्हास म्हणून एक होते. त्यांना त्या म्हणायच्या, "उल्हासराव, तुमचा मुद्दा टायर पंक्चर झालेल्या सायकलसारखा आहे, ढकलावा लागतो." त्यावर उल्हास लिहायचे, "माधवराव, तुम्ही आधी घंटी तरी वाजवा!" जयसिंगराव तर हातघाईवरच यायचे. "पुरावा द्या, नाहीतर माघार घ्या!" अरुणाताई वाचून खदाखदा हसायच्या. पण नाव माधवरावांचं आणि बोटं अरुणाताईंची, मग बोलतंय कोण? मी विचार करून करून तापायचो.

इकडे माधवरावांचीही गंमतच. एकदा संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, "अगं, हल्ली लोकांना काय झालंय कळत नाही. ऑफिसात तो चंद्रकांत मला म्हणतो, शुक्राच्या ढगांबद्दल तुमचं मत पटलं. मी बुरशीचा माणूस, मला शुक्राचं काय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" अरुणाताईंनी विचारलं.

"काय म्हणणार? थँक यू म्हटलं."

अरुणाताई पटकन स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

मग आली ती मेंढी. परदेशात शास्त्रज्ञांनी एका मेंढीच्या पेशीपासून हुबेहूब तिच्यासारखं कोकरू बनवलं, ही बातमी आली आणि नुक्कड नुसता उकळायला लागला. माधवरावांच्या संस्थेतल्या संचालकसाहेबांनी एका हिंदी वर्तमानपत्राला मुलाखत दिली. छापणाऱ्याने मुलाखतीशेजारी चुकून फोटो टाकला बकरीचा. उल्हासनी सकाळी तो फोटो पाहिला आणि नुक्कडवर लिहिलं, "वैज्ञानिकों ने बकरी बना डाली!" अरुणाताईंनी दुपारी गाठोडं उचललं, त्यात उल्हासची बकरी पाहिली. त्यांच्या घरी ते वर्तमानपत्र येतच नव्हतं. त्यांनी उल्हासना टोला हाणला, "ज्याला शेळी आणि मेंढी यांतला फरक कळत नाही, त्याने आधी कुरणात जाऊन यावं, मग विज्ञान सांगावं." आणि नंबर लागायची वाट पाहत बसल्या.

तेवढ्यात संस्थेतल्या त्या चंद्रकांतनी साहेबांची मुलाखत अख्खी टाइप करून नुक्कडवर लावली. अरुणाताईंचा टोला मी पोचवला तो नेमका त्या मुलाखतीच्या खाली जाऊन बसला. वर साहेबांचं नाव, खाली कुरण, आणि सही 'माधव'. मित्रांनो, तो टोला उल्हासना होता हे मला माहीत होतं, मीच वाहून नेला होता. पण मला शिट्टीपलीकडे काही येत नाही ना!

दुसऱ्या दिवशी माधवराव घरी आले ते पांढरेफटक. बूटही न काढता खुर्चीत बसले.

"अगं, सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितलंय मला! सोमवारच्या मीटिंगमध्ये, उभं राहून. म्हणे मी साहेबांना कुरणात पाठवलं. नुक्कड की काय, तिथे लिहिलं. अगं, मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

अरुणाताईंनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. हिमानी दारातून खुणा करत होती. तिने आईला आत ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, मत बताओ. नाम पता चला ना, तो वहाँ सब भाभीजी-भाभीजी करने लगेंगे. फिर तुमसे कोई बात नहीं करेगा."

"मग तुझ्या बाबांना उभं करू का तिथे, मान खाली घालून? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?" अरुणाताई बाहेर आल्या. "अहो, ते मी लिहिलं. तुमच्या साहेबांना नाही, उल्हासरावांना. रोज मीच लिहिते."

माधवराव खुर्चीत पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तो शुक्र... तू होतीस?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही थँक यू म्हणालात."

माधवराव ओशाळले. बूट काढत नुसतं 'अच्छा' म्हणाले.

त्याच संध्याकाळी अरुणाताईंनी लिहिलं, "मी अरुणा. माधवरावांची पत्नी. नुक्कडवर आजवर जे लिहिलं ते माझं आहे. कुरणाचा टोला बकरीवाल्या उल्हासरावांना होता, उशिरा पोचला म्हणून भलत्या ठिकाणी लागला." ते वाहून नेताना माझे दिवे थरथरत होते. आता काय होणार, मला काही सुचत नव्हतं.

झालं काय, तर काहीच नाही. चंद्रकांतनी साहेबांना वाचून दाखवलं आणि साहेब पोट धरून हसले म्हणे. "अच्छा, तो भाभीजी थीं! अरे भई, घरवालियों की बात का क्या बुरा मानना!" माफी रद्द. माधवराव त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले. अरुणाताई मात्र ताटावर नुसत्या बसल्या होत्या. आपल्या बोलण्याने कुणी रागावलं होतं, ते एका दिवसात हसण्यावारी गेलं, हे त्यांना लागलं होतं.

आणि नुक्कडवर? तिथलं तर मला आजही कळलेलं नाही. बोटं तीच, शब्द तेच, वायर तीच, वाहणारा मीच. पण पलीकडून येणारी अक्षरं पार बदलली. अरुणाताईंनी लिहिलं, "या कोकराचं वय जन्मापासूनच मोजायचं, मूळ पेशी कितीही जुनी असो." एवढा वादाचा विषय! पूर्वी उल्हासनी याच्या चिंधड्या केल्या असत्या. आता लिहिलं, "वा वहिनी, छानच! पुरणपोळीला कधी बोलावताय?" चंद्रकांतनी लिहिलं, "भाभीजी, बहुत खूब." सगळे गोड, सगळे अदबशीर, आणि कुणी म्हणून एक प्रश्न विचारीना. जयसिंगराव तर भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेलेले, त्यांचा पत्ताच नव्हता. अरुणाताई एक-एक दिवसाआड येऊ लागल्या. मग चार-चार दिवस नाहीच. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं असणार. मीच चुकीची अक्षरं आणत असणार.

एका दुपारी हिमानीच येऊन बसली. तिने गाठोडं उचललं, वाचलं आणि एकदम ओरडली, "आई! जल्दी आओ! जयसिंग अंकल ने लिखा है!"

अरुणाताई पोळ्या लाटत होत्या. "वाच तूच. काय म्हणतात? पुरणपोळी की मोदक?"

हिमानी अडखळत मराठी वाचू लागली, "अरुणाबाई, लग्नाहून आज परतलो, सगळं वाचलं. टेलिफोन कुणाचाही असो, तुमचं नाव लावून दिलं आहे. आता मुद्द्यावर या. कोकराच्या वयाबद्दल तुम्ही साफ चूक बोलत आहात. जुन्या विमानाचं इंजिन नव्या विमानात बसवलं, तर त्याच्या आधीच्या उड्डाणांचे तास त्याच्याबरोबरच येतात. पेशीचंही तसंच. बाकीचे गप्प का बसले, देव जाणे. पुरावा द्या, नाहीतर माघार घ्या."

अरुणाताई पिठाच्या हातांनी तशाच माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावरची ती ओळ त्यांनी स्वतः वाचली. मग पुन्हा वाचली.

"साफ चूक?" त्या म्हणाल्या. "मी साफ चूक? कोकरू म्हणजे काय इंजिन वाटलं का या माणसाला?" डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. "हिमानी, तवा उतरव. आणि तुझ्या बाबांना सांग, आज जेवायला उशीर होणार आहे."

मित्रांनो, त्यानंतर कित्येक महिने ते दोघं त्या कोकरावरून भांडले. उल्हास आणि चंद्रकांतही हळूहळू वहिनी-भाभीजी विसरून त्यात पडले. कोण बरोबर होतं, ते मला विचारू नका. पुढे माझ्यापेक्षा चपळ मोडेम आला आणि मी माळ्यावर गेलो, त्याचंही मला फारसं वाईट वाटत नाही. अशी सेवा घडली, पुष्कळ झालं.

तुमच्याकडे आता माझ्यासारखे किंचाळणारे मोडेम नाहीत. माणसं क्षणात एकमेकांपाशी पोचतात म्हणे. मग माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या गप्पांत कुणी नवं माणूस आलं आणि मनापासून काही बोललं, तर त्याला नुसतं 'छान, छान' म्हणून बाजूला बसवू नका. त्याचं बोलणं नीट ऐका, आणि पटलं नाही तर तोंडावर सांगा की तुमचं चुकतंय.