अनयानं गाळलेलं कडवं

मित्रांनो, माझं वय दोनशेला टेकलंय. मी जर्मन भाषेतलं एक जुनं गाणं आहे आणि आज मला कबुली द्यायची आहे.

एक गळा आणि एक पियानो, अशा दोघांसाठी मला रचलं गेलं. माझ्यात पियानो कुणाचा चाकर नाही, बरोबरीचा जोडीदार आहे. पण टाळ्या गळ्याला आणि चुका पियानोला, हा अन्याय मी आजवर मुकाट पाहिला.

माझी कडवी तीन. पहिल्यात मुलगा नावेत बसतो, दुसऱ्यात काठावर उरलेला बाप दिसतो, तिसऱ्यात पलीकडचा किनारा येतो. तिन्हींची सुरुवात एकाच चालीत. गाणारा घसरतो तो तिथंच. हा दोष माझा.

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या पंधरा वर्षांच्या अनयानं मला बसवलं. साथीला शेजारचे राजारामकाका, रिटायर्ड डॉक्टर. साठीनंतर पियानो शिकलेला माणूस. माझ्यासाठी सहा महिने रोज सकाळी ते ओठांत मात्रा मोजत बसायचे. इतकं प्रेम मला मोठमोठ्या कलावंतांनीही दिलं नव्हतं.

कार्यक्रम लायब्ररीच्या हॉलमध्ये होता. अनया दुसरं कडवं विसरली आणि थेट तिसऱ्यात शिरली. काकांनी पान उलटून तिला गाठलं, पण त्या उडीत त्यांचा एक सूर खटकन चुकला. हॉलमध्ये जर्मन कुणालाच येत नव्हतं. कडवं गेल्याचं कुणाला कळलं नाही, चुकलेला सूर मात्र सगळ्यांनी ऐकला.

पार्किंगमध्ये अनयाची आई चारुता म्हणाली, "काका, पुढच्या वेळी दुसरं कुणी बघते. तुम्हाला उगाच स्ट्रेस नको."

"खरंय. बोटं आता ऐकत नाहीत," काका म्हणाले.

अनया फोनमध्ये बघत राहिली. मीही गप्प. कुणी गायल्याशिवाय मला तोंड कुठलं?

मग पैसे घेऊन वाजवणारा शंतनू आला. अनया पुन्हा तिथंच घसरली. त्यानं उडी मारली नाही, सरळ पियानोवरून हात उचलले. "एक कडवं कुठं गेलं?"

चारुतानं मुलीकडे पाहिलं. "त्या दिवशीपण?"

"येस, आई. आय स्किप्ड इट. काका सेव्ह्ड मी."

दोघी तशाच काकांकडे गेल्या. दिवाणखान्यात पियानो नव्हता. आदल्याच दिवशी त्यांनी तो एका शाळेला देऊन टाकला होता. अनया रडत सगळं बोलली.

"माहीत होतं गं," काका म्हणाले. "तू सांगशील म्हणून महिनाभर थांबलो होतो."

मित्रांनो, तुमची चूक कुणी अंगावर घेतली, तर ती त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर परत मागून घ्या. नंतर घरी जाऊन सॉरी म्हणणं फार सोपं असतं. मला तर तेही म्हणता येत नाही.