तीन झगे

"वहिनी, ह्या उकाड्यात अंगावर तीन-तीन झगे?"

दारातून ओस्वाल्दोनं एनेइदाला विचारलं. विमानतळावर सामानाचं वजन करतात, माणसाचं नाही. म्हणून आमच्या मायामीतून क्युबाला निघालेली बाई तिकडच्या नातलगांना द्यायचे कपडे, झग्यावर झगा आणि टोपीवर टोपी, अंगावर चढवूनच निघते. एनेइदा तेच घालून बघत होती. तिकडे क्युबात, सांता क्लारा गावात, तिची बहीण सोराइदा अंथरुणाला खिळलेली. गुरुवारचं विमान चुकलं तर भेट व्हायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि हा ओस्वाल्दो म्हणजे देश सोडून आलेल्या आमच्या लोकांच्या मंडळाचा अध्यक्ष. बेटाकडे जाणारी विमानं बंद करा, म्हणजे तिथल्या सरकारची रसद तुटेल, ही मंडळाची मागणी. मतं आमची, देणग्या आमच्या. आमच्यासारख्याच देश सोडून आलेल्या व्हेनेझुएलावाल्यांचं मंडळही पाठीशी. त्यामुळे इथला खासदार रविवारी मंडळाच्या सभेला स्वतः येणार होता.

"तुम्ही फक्त व्यासपीठावर बसा. तुमच्या रिगोबेर्तोनं तिथल्या तुरुंगात हाडं झिजवली. त्याची बायको समोर दिसली की खासदार काय नाही म्हणणार?"

"आणि माझं विमान हो, भावजी?"

"सरकारी काम ते! महिनोन्‌महिने चालेल." मग त्यानं आवाज उतरवला, खिशातून एक पुडकं काढलं. "तिकडे माझा धाकटा भाऊ आहे, त्याच्या हृदयाच्या गोळ्या आहेत. एवढ्या न्याल का?"

"वा! रस्ता तुम्हीच खणायचा, आणि वर म्हणायचं, माझी गाडी तेवढी जाऊ द्या?"

"ते राजकारण, वहिनी. हा भाऊ आहे."

व्यासपीठावर बसायला नाही म्हणणं सोपं नव्हतं. एनेइदा बेकरीच्या खिडकीवर कॉफी विकायची. मंडळानं तोंड फिरवलं असतं तर तिथे चिटपाखरू फिरकलं नसतं. शिवाय नवऱ्याला कोंडणाऱ्या त्या सरकारवर तिचाही राग होताच. तिनं पुडकं ठेवून घेतलं.

रविवारी खासदारानं तिचा हात हातात घेतला आणि माईकवर सांगितलं, "ह्या माउलीसाठी मी थेट वर बोललोय. विमानं बंद करायचा हुकूम उद्याच निघतोय!"

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. एनेइदानं ओस्वाल्दोकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता, पण टाळ्या वाजवत होता. मग तिनंही वाजवल्या.

गुरुवारी ती वेड्या आशेनं तिन्ही झगे घालून विमानतळावर गेली. क्युबाच्या विमानाची खिडकी बंद होती. घरी परतली तर दारात ओस्वाल्दो उभा.

"वहिनी, ते पुडकं... दुसऱ्या कुणाकडून पाठवतो."

"कुणाकडून?"

तिनं पुडकं त्याच्या हातावर ठेवलं.

"खासदाराला विचारा, भावजी. जमलं तर माझ्या बहिणीचंही विचारा."

दार लावून तिनं वरचे दोन झगे उतरवले. सगळ्यात आतला पिवळा झगा तिनं सोराइदाच्या मापानं शिवला होता; तिला तो काखेत काचत होता. तो तिनं काढला नाही. त्यावरच एप्रन बांधला आणि ती कॉफीच्या खिडकीवर गेली.