गोठ्यामागचं चिपाड

चिपाडाचं नाव काढलं तरी अल्फियाला आता नको वाटायचं. तीन वर्षं झाली, सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही पोरगी उसाचं चिपाड भाजतेय! त्याचा असा कोळसा करायचा, की धुरातला कार्बन डायऑक्साइड तेवढा त्यानं धरून ठेवावा आणि बाकीचा वायू जाऊ द्यावा. ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल.

दुखणं वेगळंच होतं. अगदी पहिल्या खेपेला तो कोळसा झकास जमला होता. पुढं मात्र चिपाड तेच, भट्टी तीच, आणि कोळसा मख्ख. तिचे मार्गदर्शक वीरधवल सर वाईट नव्हते, पण तेही कंटाळले होते. पहिल्या खेपेला किती वायू धरला तो आकडा म्हणजे यंत्राची चूक असणार, सोमवारी प्रबंधातून काढून टाक, म्हणाले. मागच्या टेबलावर तर कुजबुज होती, की आकडा तिनंच बसवलाय. ते तिला फार लागलं होतं. आता तो आकडा स्वतःच्या हातानं खोडायचा, म्हणजे खोटेपणा कबूलच करायचा.

शनिवारी ती शेवटचं पोतं आणायला उंब्रजला गेली. उमेद होती म्हणून नव्हे, घरी बसवेना म्हणून. चिपाड यायचं ते नाथाजींच्या गुऱ्हाळावरून; पहिल्या खेपेनंतर तिथून पोती एसटीनंच पाठवायचे. त्यांच्या आई बनुबाई ताडपत्रीवर बसून चिपाड निवडत होत्या. एकेक काडी झटकून बाजूला ठेवत होत्या.

अल्फियानं सहज विचारलं, हे कुणासाठी?

"तुज्यासाठीच की," बनुबाई म्हणाल्या. "पयल्यांदा आलीस तवा गडबड व्हती. नाथाजीनं गोठ्यामागचं भरून दिलं, म्हशीनं मुतलेलं. मला लय लाज वाटली गं. तवापासनं तुजं येगळं ठेवते. धुऊन, वाळवून."

अल्फिया ताडपत्रीवर त्यांच्याजवळ बसली. चिपाडात नत्र मुरलं की त्याचा कोळसा कार्बन डायऑक्साइड घट्ट धरतो, हे तिला तोंडपाठ होतं. त्यासाठी लोक युरिया घालतात, हेही ठाऊक होतं. पण पहिल्या पोत्यात तो म्हशीनंच घातला असेल, हे कुणाच्या बापाला सुचणार? आणि ही माउली इतकी वर्षं मायेनं तो धुऊन काढत बसली होती.

तिनं गोठ्यामागचं पोतं मागितलं. बनुबाई ऐकेचनात. दारात आलेल्या पोरीला घाण कशी द्यायची, म्हणाल्या. शेवटी अल्फियानं स्वतःच फावडं घेतलं. परतीच्या एसटीत तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. ती पोत्यावर डोकं टेकून सांगलीपर्यंत झोपली.

रविवारी तिनं त्या चिपाडाचा कोळसा केला. सोमवारी यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढत गेली, अगदी पहिल्या खेपेसारखी. वीरधवल सर पडद्याजवळ आले. तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता, असं पुटपुटले. मग म्हणाले, आता मधलं सगळं काम बाद, पहिल्यापासून करावं लागेल. अल्फियानं मान हलवली. आपण खोटं बोललो नव्हतो, एवढं तिला पुरलं. आनंद करायचं त्राण मात्र अंगात उरलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं उंब्रजला फोन लावला आणि सांगितलं, मावशी, यापुढं निवडलेलं चिपाड पाठवू नका.

पलीकडून बनुबाईंनी हळूच विचारलं, "काय चुकलं का गं आमचं?"

"न्हाई मावशी," अल्फिया म्हणाली. "माजंच चुकलं. पयल्याच वर्षी येऊन तुमच्याजवळ बसायला पायजे व्हतं."