सीलबंद विमानातलं उष्टं

सकाळी सातला हँगरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हमाल, सफाईवाल्या, वायरमन, एवढंच काय, आमचे मोठे साहेबसुद्धा बूट काढून रांगेत! भूत उतरवायला आणलेल्या मांत्रिक बाबाने विमानाच्या दारावरचं कागदी सील सगळ्यांना दाखवलं. कालच्या सह्या जशाच्या तशा. दार उघडलं, तर रात्री आत ठेवलेल्या नैवेद्याच्या ताटातली निम्मी बिस्किटं आजही गायब!

"बंद विमानात माणूस गेला नाही, मग खाल्लं कुणी?" बाबा गरजला. "या विमानाच्या आत्म्यानं! तो तृप्त झाला. आता दिवे विझायचे नाहीत."

उरलेला चुरा त्याने एकेकाच्या तळहातावर ठेवला आणि लोकांनी तो डोळे मिटून गिळला. मला मात्र दारातूनच मुताचा भपकारा आला. मी हात पुढे केलाच नाही.

आठवडाभर या विमानातले दिवे आपोआप विझत होते. दुरुस्ती राहिली बाजूला, साहेबांनी बाबाला आणलं. तेव्हापासून रोज रात्री आत ताट ठेवून दार सील व्हायचं आणि सकाळी उरलेला प्रसाद वाटला जायचा. दुपारी विमान सुटायचं होतं आणि ते उडण्याजोगं आहे अशी सही मला करायची होती. सफाईवाल्या मावशींची लेक त्यातूनच नोकरीवर निघाली होती.

"कर की सही," साहेब म्हणाले. "बाबांनी शांत केलंय ना!"

"बाबा बसणारेत का विमानात?"

मी पेचकस घेऊन आत शिरलो आणि ताटाजवळची जमिनीची फळी उचकटली. शी! कुरतडलेल्या ब्लँकेटच्या लगद्यात सात गुलाबी, बिनकेसांची पिल्लं वळवळत होती. भोवती लेंड्या, ओला बिस्किटचुरा, आणि दिव्यांच्या वायरींचं तांबं उघडं पडलेलं. एक गलेलठ्ठ उंदीर माझ्या बुटावरून उडी मारून थेट रांगेत घुसला.

"सील दाराला होतं!" मी ओरडलो. "आत मुक्काम ठोकलेल्यांना दार कशाला लागतंय? मालाच्या खोक्यांतून आले, आणि आपण त्यांना रोज जेवू घातलं!"

"आत्मा कुठलंही रूप..." बाबा पुटपुटला.

"मग हे रूप घरी घेऊन जा की!"

कुणी थुंकत होतं, कुणी भिंतीकडे तोंड करून ओकत होतं. मावशी मटकन खाली बसल्या. "अगं बाई, काल पोरीला चारलं मी हे!"

"आधी डॉक्टरकडे न्या तिला," मी म्हणालो. किळस आली ती उंदरांची नव्हे. उंदीर उंदरासारखेच वागले. माणसांना डोकं होतं, नाक होतं, हातात पेचकस होता. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी फळी उचकटून बघायला काय जातं?

मी कागदावर 'उड्डाण बंद' लिहून सही केली. साहेब अंगावर धावून आले. "प्रवाशांना काय तोंड दाखवू मी?"

मावशी उठून मध्ये उभ्या राहिल्या.

"साहेब, माझी पोर चार दिवस उशिरा जाईल. पण पोचेल."