आत्याचं विद्यापीठ

दोन्ही विद्यापीठांत मला प्रवेश मिळाला, तेव्हा बाबांच्या मते ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. एकाचं नाव जगभर होतं, शिवाय आत्या तिथेच शिकलेली. दुसरंही नावाजलेलं, पण त्याच्या खालचं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. गणित शिकवायची, आमच्याच घरी राहायची, बोलायची मोजकं. ती म्हणाली, चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो. तिने सुट्टी काढली आणि मला घेऊन निघाली.

आधी तिचं विद्यापीठ. फाटकातून आत शिरताच तिची चाल बदलली. दगडी जिने ती भराभर चढली, वसतिगृहातली तिची खिडकी दाखवली, वाचनालयातला कोपरा दाखवला. तिथे ती दिवसचे दिवस कोणाशी न बोलता काम करायची. इथे कोणी कोणाच्या अध्यातमध्यात नसतं, असं ती कौतुकाने कुजबुजली. मी हसून मान डोलावली. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं, आणि कधी एकदा बाहेर पडते असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेलो. विटांच्या साध्या इमारती, भिंतींना ओल. एका शेडमध्ये काही मुलंमुली वाळूत कोरलेल्या छोट्या नदीत पाणी सोडत होती आणि काठ कुठे ढासळणार यावर कडाकडा भांडत होती. मी दारातून बघत होते. एका मुलीने वर न बघताच पाइप माझ्या हातात दिला आणि धर म्हणाली. थोड्या वेळाने मीही भांडायला लागले. बाहेर आले तेव्हा बाह्या ओल्या, बुटांत वाळू, आणि आत्या बाकावर ताटकळलेली.

मला दुसरंच आवडलंय, हे परतीच्या वाटेवर तिला सांगायचा धीर होईना. घरी बाबांनी विषय काढला. हातात आलेलं सोनं कोण टाकतं, म्हणाले. तेव्हा आत्याच बोलली.

"दादा, ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं. मला एकटं राहायला आवडायचं म्हणून. ही तिथे कोमेजून जाईल."

"तुला कसं कळलं?"

"तिथे ही माझ्यासाठी हसत होती. दुसरीकडे मी बाहेर बसलेय, हेही हिच्या लक्षात नव्हतं."

मी दुसरं निवडलं. आत्याला वाईट वाटलंच. बरेच दिवस तिने तो विषय टाळला. पण मला पोचवायला तीच आली, वसतिगृहातली गादी तिनेच उन्हात टाकली. पहिल्या वर्षी मी एका विषयात सपशेल आपटले, तरी घरी परतावंसं वाटलं नाही.

पुढे ती एकदा भेटायला आली. खानावळीत आमच्या टेबलावर सगळे एकाच वेळी बोलत होते. बाहेर पडल्यावर म्हणाली, "डोकं उठलं गं माझं." थोडं चालल्यावर तिने हळूच विचारलं, सकाळचा चहाही यांच्याबरोबरच घ्यायचा का?

आत्या आता नाही. कामानिमित्त तिच्या विद्यापीठात जाणं होतं, तेव्हा हिरवळीवर जरा वेळ बसते. विद्यार्थी म्हणून मला तिथे महिनाही काढता आला नसता. पण आत्या मला घरापेक्षा तिथेच जास्त भेटते.